धवलारिणीचा एकटा गळा

आमच्या अलिबागेतील सुशिक्षित मंडळींत गेल्या लग्नसराईनंतर गाण्यांचा एक संग्रह, आजच्या बोलीत ‘आल्बम’, हातोहात फिरला आणि बहुतेक घरांतून एकच शेरा घेऊन परत आला : ‘विक्षिप्त!’ गाणारी सत्तरी ओलांडलेली आगरी बाई, धवलारीण. ध्वनिमुद्रण करणारी तिची नात, एके काळची माझी विद्यार्थिनी. साथीला पेटी नाही, ढोलकी नाही, बँजो नाही. आरंभापासून अखेरपर्यंत एकटा गळा. मध्येच ती थांबते, पाणी मागते, रडणाऱ्या पोराला दटावते आणि सोडली होती तेथूनच ओळ उचलते. नातीने यातले काही एक कापलेले नाही. विक्षिप्तपणाचा हा आरोप मला साफ अमान्य आहे. आणि तो करणारांत माझे स्नेही असले, तरी त्याचा समाचार जाहीरपणे घेणे मला अवश्य वाटते.

धवला म्हणजे काय, हे ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रायगडच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर आगरी-कोळ्यांच्या लग्नात निरनिराळ्या विधींना निरनिराळे धवले असतात. देवांना, ग्रामदैवताला, घरातील गेलेल्या माणसांना धवलारीण गाण्यातूनच आवतण देते आणि विधीही तीच चालविते. भटजीची वाट न पाहता लग्न लावण्याचा मान कित्येक ठिकाणी तिचाच असे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला व पुरोहितावाचून लग्ने लावण्याचा पुरस्कार केला, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो; परंतु पोथीवाचून लग्न लावणारी बाई आपल्याच शेजारच्या पाड्यात होती, हे त्यांना कोणी सांगत नाही. जिच्या शब्दाखेरीज मांडवातील विधी पुढे सरकत नाही, तिला साथीदार कशाला हवेत?

पहिला आक्षेप असा की, ‘हे कोळीगीतांसारखे वाटत नाही.’ खरे आहे. आमच्या कानांत कोळीगीत म्हणजे शान्ता शेळके यांनी लिहिलेले व लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गाइलेले ‘मी डोलकर’, किंवा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटातील ‘गोमू संगतीनं’. या दोन्हींना चाल हृदयनाथ मंगेशकरांची. ही गीते मलाही प्रिय आहेत. त्यांत कवयित्रीची व संगीतकाराची प्रतिभा आहे. समुद्राची उत्तम तसबीर दिवाणखान्यात अवश्य लावावी. पण समुद्र तसबिरीसारखा दिसत नाही म्हणून समुद्रालाच नावे ठेवणे, हा कोठला न्याय?

दुसरा आक्षेप लांबीचा व एकसुरीपणाचा. फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास येऊन आपल्या गवयांचे ध्वनिमुद्रण करू लागला, तेव्हा तबकडीवर मावेल तेवढेच गाणे, सुमारे तीन मिनिटांचे, हा नियम यंत्राने घातला. १९४८ साली दीर्घ तबकडी निघाली आणि तो नियम सैल झाला; आज तर खिशातल्या फोनवर सबंध रात्र साठविता येते. यंत्र सुटले, कान मात्र अजून तीन मिनिटांना बांधलेलेच आहेत. धवल्याची चाल एकच राहते, कारण तिच्यावर नावांचा, नात्यांचा आणि विधींच्या क्रमाचा भार आहे. आजीला लिहिता येत नाही. तिची वही म्हणजे ही चाल.

तिसरा आक्षेप नव्हे, ती औदार्याने केलेली सूचना आहे, आणि मला तीच सर्वांत घातक वाटते. ‘चाल गोड आहे, एखाद्या तयार गायिकेकडून गाऊन घ्या, मागे थोडे वाद्यवृंद घाला.’ मी तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो. बिशप पर्सीने १७६५ साली जुन्या पोवाड्यांचा प्रसिद्ध संग्रह छापला. त्याला मिळालेल्या हस्तलिखिताची पाने एका मित्राच्या घरी मोलकरणी चूल पेटविण्यास वापरीत होत्या. ती त्याने वाचविली खरी, पण छापताना आपल्या रुचीप्रमाणे ओळी दुरुस्त केल्या, नव्या घातल्या. आणि जोसेफ रिटसनने त्याबद्दल त्याला कडक जाब विचारला. हा वाद मी दर वर्षी रिटसनच्या बाजूने मोठ्या आवेशाने शिकवीत असे. वर्गाच्या खिडकीबाहेर लग्नाचे मांडव पडत. त्यांतला एकही धवला मी उठून ऐकावयास गेलो नाही. माझे मराठीचे सहकारी तेराव्या शतकातील महदाइसेच्या धवळ्यांवर प्रश्न काढीत. त्यांपैकीही कोणी गेल्याचे मला आठवत नाही. मृत धवळ्याला गुण आणि जिवंत धवल्याला हसू, हा आमचा विद्याव्यासंग! विक्षिप्त कोण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आता व्यवहाराचे. अशा गाण्यांखाली ‘पारंपरिक’ असे छापण्याची पद्धत आहे. हा शब्द निरुपद्रवी दिसतो. पण त्याच्या आडोशाने गाणारीचे नाव जाते आणि पैसाही जातो. चाल परंपरेची असेल. गळा कोणा एकीचाच असतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाराचा हक्कही मान्य झाला आहे. गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर ती गाणारी बाई कोण व कोणत्या गावची, याचीही नोंद ठेवली. संग्रह कसा करावा, याचा धडा आपल्याच राज्यात घालून दिलेला आहे.

नातीने मला एक हकीकत सांगितली. आवतणाचा धवला घरात बसून म्हणावयास आजी तयार होईना. देवांना हाक मारली आणि येथे मांडवच नसला, तर त्यांना बसवावयाचे कोठे, हा तिचा प्रश्न. म्हणून खऱ्या लग्नाची वाट पाहावी लागली. त्या रात्रीही शेजारच्या मांडवातील कर्णे थांबेपर्यंत दोघी बसून राहिल्या, आणि मग मध्यरात्रीनंतर तो धवला मुद्रित झाला. तो ऐकूनही ज्यांस वाद्यवृंद हवासा वाटतो, त्यांच्याशी माझा वाद संपणार नाही. इतरांस विनंती एवढीच : हळदीचे आमंत्रण आले, तर जेवण उरकून निघू नका. धवलारीण गाऊ लागेपर्यंत थांबा, तिचे नाव विचारा, आणि आपल्या मुलीलाही शेजारी बसवून घ्या. नातीला अजून निम्मेही धवले येत नाहीत, आणि आजीचा दम पूर्वीसारखा पुरत नाही.