महोत्सव शासनाचा की शहराचा?

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोनेरी महालाच्या प्रांगणात वेरूळ-अजिंठा आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे सूर पुन्हा घुमले, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या रसिकांना हायसे वाटले. २०१६ नंतर पडलेला खंड संपला होता. २०२४ मध्येही महोत्सव झाल्याने त्या खंडाची आठवण आता पुसट होऊ लागली आहे. परंतु तीन दिवसांची गर्दी म्हणजे महोत्सवाची वाढ, असे समजून चालणार नाही.

कैलास लेण्याच्या साक्षीने वेरूळला सुरू झालेला हा उत्सव पुढे सोनेरी महालात आला. त्याचे आयोजन पर्यटन खाते व जिल्हा प्रशासन यांच्या भरवशावर राहिले. शासकीय उत्सवाला निधीची आणि आदेशाची वाट पाहावी लागते. दुष्काळ, आचारसंहिता, अधिकाऱ्याची बदली, यांपैकी कोणतेही कारण त्याला रोखण्यास पुरेसे ठरते.

याउलट पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला आणि आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो जोपासला. तिकीट काढून भारतीय बैठकीवर बसणारा श्रोता हा त्याचा खरा आश्रयदाता. २०११ मध्ये पंडितजी गेले, महोत्सव थांबला नाही. करोनाने खंड पाडला, तरी डिसेंबर २०२२ मध्ये रसिक पुन्हा मंडपात आले.

अर्थात, केवळ हौशी मंडळींच्या उत्साहावरही महोत्सव टिकत नाही. मुंबईत १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि सहकाऱ्यांनी 'जॅझ यात्रा' सुरू केली. पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक रंगभवनात वाजवून गेला. पुढे ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रुग्णालये व शिक्षणसंस्थांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. रंगभवनासारखे खुले रंगमंच मुके झाले आणि जॅझ यात्राही ओसरली. महोत्सवाला माणसांइतकीच हक्काची जागा लागते, हा त्याचा धडा.

संभाजीनगरकडे जागा आहे आणि परंपराही. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला तो इथून हाकेच्या अंतरावर, देवगिरीच्या यादव दरबारात. त्याच्या नावाचा महोत्सव महागामी गुरुकुल भरवते. त्यात शिष्यांची साधना आणि विद्वानांची चर्चा यांना स्थान असते. शहरात जाणता श्रोता घडतो तो अशाच ठिकाणी.

म्हणूनच वेरूळ-अजिंठा महोत्सवासाठी नागरिक, कलासंस्था आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचे उद्योजक यांचा स्थायी न्यास हवा. तारीख दरवर्षी ठरलेली असावी, राखीव निधी असावा, मानाच्या पासेसची संख्या कमी आणि माफक तिकिटे अधिक असावीत. शासनाने जागा, सुरक्षा आणि परवानग्या यांची हमी द्यावी. पुण्यासारखा तिकीट काढणारा वर्ग इथे नाही, असा आक्षेप येईल. पण फुकट पासाची सवय लावल्यावर असा वर्ग तयार तरी कसा होणार?

पुढच्या वेळी निधी अडला, तर महोत्सव अडणार काय? या प्रश्नाचे उत्तर शहराने आजच शोधले पाहिजे. अन्यथा पुन्हा काही वर्षे सोनेरी महाल मुका राहील आणि हळहळण्यापलीकडे आपल्या हाती काही उरणार नाही.