ऱ्हस्व वेलांटीचा धडा

नगर जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाचे वीसेक वर्षांचे चर्चासत्र-निबंध आम्ही एकत्र करीत होतो. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा जुन्या लेखांत ‘अहमदनगर’ जेथे येते तेथे तळटीप द्यावी असे ठरले. शोध घेतला, एकही नोंद सापडली नाही. पडद्यावर मात्र ते नाव ढळढळीत दिसत होते!

कारण साधे आहे. हे लेख जुन्या फाँटांत टंकलेले. त्यांत संगणकाच्या लेखी असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे. फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. युनिकोडमध्ये देवनागरी वर्णांना स्वतःचे क्रमांक आहेत, आणि तेही १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून. म्हणजे एवढी वर्षे आम्ही, मराठीचे अध्यापक, संगणकाला मराठी म्हणून ओळखूच येणार नाही असे मराठी साठवीत होतो.

हे ठाऊक नव्हते असे नाही. आड आली ती बोटांची सवय. टंकयंत्राच्या वळणावर ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. इन्स्क्रिप्टमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. ‘धर्म’ मधला रफार पूर्वी ‘म’नंतर येई, आता उच्चारात आहे तसा ‘र’, हलन्त, ‘म’. पहिले दोन आठवडे एक परिच्छेद टंकायला तास लागे आणि जुन्या फाँटकडे परतण्याचा मोह रोज होई.

तो काळ रेटला, तेव्हा ध्यानात आले की ही मांडणी आपल्याला परकी नाही. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजने. ‘क’च्याच कळीवर ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. वर्गात आपण शिकवतो ती वर्णमालाच ही!

कुणी म्हणेल, रोमन अक्षरांतून टंकले किंवा नुसते बोलले तरी युनिकोडच मिळते. मग हा खटाटोप कशाला? चार ओळींच्या निरोपापुरते ते खरेच आहे. पण ज्ञानेश्वरीची ओवी बोलून पाहिली, तर यंत्राने तिच्या जुन्या रूपांना आजचे शब्द करून टाकले. ती ओवी याच जिल्ह्यातल्या नेवाशात सांगितली गेली आणि परंपरा सांगते की सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पाठाच्या अभ्यासकाला अक्षर स्वतःच्या हातात हवे.

मात्र सारा भार एकट्या अध्यापकावर टाकणे आम्हांला मान्य नाही. विभागाने पहिला महिनाभर टंकलेखनाची कामे निम्मी करावीत, रोज अर्धा तास सरावाला द्यावा आणि त्या काळातल्या संथपणाचा हिशेब मागू नये. ‘वेळ मिळेल तेव्हा शिका’ या धोरणाचे फळ आमच्या संग्रहात पडून आहे: निबंध पुष्कळ, पण शोधता येईल असा एकही नाही. ते आता आम्ही रोज दोन पाने याप्रमाणे पुन्हा टंकीत आहोत.