पिसाचा मोह नको

उजनी जलाशय असो वा नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ, मासेमारीला गेलेल्या हौशी मंडळींनी बगळ्याचे वा रोहित पक्ष्याचे गळून पडलेले पीसही उचलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुधारित वन्यजीव संरक्षण कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. पण मोराच्या शेपटीची पिसे बाळगण्यास असलेली सूट सर्वच पक्ष्यांच्या पिसांना आहे, हा गैरसमज कायम आहे.

गळलेले पीस आणि उपटलेले पीस हातात घेतल्यावर वेगळे ओळखू येत नाही. ‘सापडले’ ही सबब एकदा मान्य केली, की शिकाऱ्याला पळवाट मिळते. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर येणाऱ्या तलम तुऱ्यांसाठी एके काळी घरट्यावरचे पक्षी मारले गेले आणि मागे राहिलेली पिल्ले उपाशी मेली. म्हणूनच १९०२ मध्ये ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानातून होणारी पिसांची निर्यात रोखावी लागली.

वनखात्याने प्रत्येक पाणथळीच्या काठावर आणि होड्यांच्या धक्क्यावर पिसे न उचलण्याचा नियम सोप्या मराठीत ठळकपणे लावावा, स्थानिक मच्छीमारांना विश्वासात घ्यावे आणि पिसांच्या विक्रीवर थेट कारवाई करावी. बाजार उभा राहू दिला, तर पक्षी वाचणार नाहीत.