बांध जाळू नका

शेताचा बांध म्हणजे दोन शेतांमधली हद्द, एवढेच आपण समजतो. बांधावर गवत वाढते, तण माजते. म्हणून उन्हाळ्यात पुष्कळ शेतकरी बांध पेटवून देतात. तण गेले, शेत स्वच्छ झाले, असे त्यांना वाटते. मला मात्र हे बरोबर वाटत नाही.

असे पाहा. काटेमाठाच्या एका झाडाला हजारो बिया येतात. पिकल्यावर त्या जमिनीवर पडतात. त्या सगळ्या उगवल्या, तर खुरपणी करता करता शेतकरी थकून जाईल. पण सगळ्या उगवत नाहीत. पुष्कळ बिया आधीच खाल्ल्या जातात. होला, लावा, तित्तिर, मुनिया हे पक्षी त्या टिपतात. होल्याला आपण उर्दूत फाख्ता म्हणतो, लाव्याला बटेर. मुंग्या बिया ओढून वारुळात नेतात. रात्री रातकिडे व भुंगेरे त्या कुरतडतात. ब्रिटनमधील २५७ शेतांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. भुंगेऱ्यांमुळे जमिनीतील तणांच्या बियांचा साठा वाढण्यास आळा बसतो, असे त्यात दिसून आले.

हे बिनपगारी मजूर राहतात कोठे? बांधावरच्या गवतात आणि झुडपांत. बांध पेटवला, की त्यांची घरटी व अंडी जळतात. मातीत खोल गेलेले बी मात्र जळत नाही. पाऊस पडताच ते उगवते. म्हणजे मित्र मरतो आणि शत्रू वाचतो!

कोणी म्हणेल, ‘हेच पक्षी आमची ज्वारीही खातात.’ हे खरे आहे. मुनियांचा थवा कणसांवर बसला, तर नुकसान होतेच. तेव्हा राखण करावीच लागते. परंतु ते दिवस थोडे असतात. त्या थोड्या दिवसांसाठी वर्षभराचे मदतनीस घालवणे शहाणपणाचे नाही. तसेच सगळे काम पाखरांवर सोडूनही चालणार नाही. गाजरगवत तर फुले येण्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटले पाहिजे.

मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी आपल्या अब्बांशी, दादांशी याविषयी बोलावे. पीक निघाल्यावर लगेच खोल नांगरट करू नये. बी काही दिवस वरच राहिले, तर ते पाखरांना सापडते. बांधाचे गवत कापून जनावरांना घालावे, पण थोडे मुळाशी राखावे. काडी मात्र लावू नये.