बटणावरचे १८० आणि आतले १८०

श्रावण संपत आला की निपाणीच्या मावशीचा फोन ठरलेला. यंदा तिचा प्रश्न होता, "तू इंजिनिअर आहेस, सांग बघू, ओव्हन कुठला घेऊ? दुकानदार साठ लिटरचा घ्या म्हणतोय." इंजिनिअर असल्याचा इथे फारसा उपयोग नाही, हे मी तिला सांगितलं. पण गेली दोन वर्षं आमच्या घरी ओव्हन आहे, आणि त्याच्याबरोबर केलेल्या चुकाही आहेत. त्याच आज सांगतो.

आमच्याकडे नानकटाई म्हणजे भट्टी. दिवाळीच्या आधी आई मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत जायची. तिथे आपलं सामान द्यायचं, समोर मळून घ्यायचं, ट्रेवर थापायचं आणि नंबर यायची वाट बघत बसायचं. भट्टीतून गरम ट्रे बाहेर आला की पहिली नानकटाई आमच्या हातात. दोन वर्षांपूर्वी आईचा गुडघा दुखायला लागला आणि रांगेत दोन तास उभं राहणं जमेना. म्हणून मी खडेबाजारातून ओव्हन आणायचं ठरवलं. आई म्हणाली, "कशाला उगीच? तू जाऊन भाजून आण की." मी ऐकलं नाही.

पहिली गोष्ट प्रकाराची. दुकानात दोन वस्तू शेजारी ठेवलेल्या असतात आणि दोन्हींना ओव्हनच म्हणतात. एक कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह. त्यात अन्न गरम करणं, शिजवणं आणि बेकिंग तिन्ही होतं, पण बहुतेक मॉडेलमध्ये खालून तापणारा रॉड नसतो. त्यामुळे केक ठीक होतो, पाव आणि पिझ्झ्याचा तळ मात्र मऊ राहतो. दुसरा ओटीजी. त्यात वर आणि खाली रॉड असतात, आणि थोडे पैसे जास्त दिले की मागे पंखाही मिळतो. हा पंखा गरम हवा आत फिरवतो, त्यालाच कन्व्हेक्शन म्हणतात. रोजचं अन्न गरम करायचं असेल तर पहिला घ्या. नानकटाई, बिस्किटं, पाव करायचा असेल तर पंख्याचा ओटीजी.

दुसरी गोष्ट मापाची. लिटरवर जाऊ नका. घरातला केकचा डबा किंवा ट्रे घेऊनच दुकानात जा आणि आत ठेवून बघा. चारी बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे, नाहीतर हवा फिरत नाही. वीस लिटरच्या आतल्या ओव्हनमध्ये रॉड पदार्थाच्या अगदी जवळ येतात, वरचा भाग करपतो आणि आतला कच्चा राहतो. चार माणसांच्या घराला २५ ते ३० लिटर पुरेसा होतो. साठ लिटरचा तापायला जास्त वेळ आणि जास्त वीज घेतो, आणि ओट्यावरची अर्धी जागाही. आमचा २८ लिटरचा आहे.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे प्लग. आमचा ओव्हन १५०० वॅटचा. २३० व्होल्टने भागा, साडेसहा अँपिअर होतात. टीव्ही, मोबाईलचा साधा प्लग सहा अँपिअरचा असतो. मी पहिल्या दिवशी हुशारी करून एक्स्टेंशन बोर्ड लावला. वीस मिनिटांत बोर्डला हात लावता येईना आणि प्लास्टिकचा वास सुटला. नशीब, आईच्या नाकाला तो आधी कळला. ओव्हनला १६ अँपिअरचा, जाड पिनांचा सॉकेट हवा, तोही थेट भिंतीतला आणि अर्थिंग असलेला. आपल्या जुन्या गल्ल्यांतल्या घरांत वायरिंग जुनं असतं, तेव्हा ओव्हन आणण्याआधी वायरमनला बोलवा. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि वर काही ठेवू नका. इन्व्हर्टरवर तो चालणार नाही, तेव्हा वीज जाण्याची वेळ माहीत असेल तर ती टाळा.

बिलाची भीती मावशीलाही होती. पंधराशे वॅट म्हणजे तासाला दीड युनिट, पण एकदा तापला की रॉड सतत पेटलेला नसतो, मधूनमधून बंद होतो. त्यामुळे तासाभराच्या बेकिंगला साधारण एक युनिट धरा. मात्र गृहज्योतीवर असाल तर हिशेब ठेवा. या योजनेत २०२२-२३ मधल्या आपल्या सरासरीपेक्षा थोडा जास्त वापर मोफत असतो. त्याच्या वर गेलं तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० युनिटांच्या वर गेलं तर सगळं बिल. ज्यांचा वापर १९० च्या आसपास असतो, त्यांनी महिन्याच्या शेवटी मीटर बघूनच पाव करावा.

आता मुख्य गोष्ट. पहिला घाणा मी १८० वर वीस मिनिटं ठेवला, रेसिपीत होतं तसाच. बारा नानकटाया खालून काळ्या. आई काही बोलली नाही. तिने एक मोडून बघितली आणि डबा बंद करून ठेवला. तिचं न बोलणं मला जास्त लागलं, कारण तूप घरचं होतं.

दुसऱ्या दिवशी काही शे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आणला आणि आत ठेवला. बटण १८० वर, थर्मामीटर २१० वर. ओव्हन बिघडला नव्हता. स्वस्त ओव्हनमध्ये तापमान दोन धातूंच्या एका पट्टीवर चालतं. पट्टी तापून वाकली की रॉड बंद होतो, निवली की चालू होतो. त्यामुळे आतलं तापमान सतत वरखाली होतं, आणि बटणावरचा आकडा हा अंदाज असतो. प्रत्येक ओव्हनचा फरक वेगळा. माझा तीस अंशांनी जास्त तापतो, तुमचा कमी तापत असेल.

थर्मामीटर नसेल तर साखरेने तपासा. साखर सुमारे १८६ अंशांना वितळते. फॉइलवर चमचाभर साखर घेऊन, चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये १७५ वर पंधरा मिनिटं ठेवा. वितळली तर ओव्हन जास्त तापतो. नवी साखर घेऊन १९० वर ठेवा. तशीच राहिली तर कमी तापतो. पाच पैशांची परीक्षा आहे.

बाकी लहान गोष्टी. नवा ओव्हन आणला की एकदा रिकामाच पंधरा-वीस मिनिटं पूर्ण तापवा, खिडकी उघडी ठेवून. थोडा धूर येतो, घाबरू नका. रोजच्या वापरात दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला असं नाही. हवा तापलेली असते, पण पत्रा तापलेला नसतो, तेव्हा आणखी दहा मिनिटं थांबा. पंखा लावला की रेसिपीपेक्षा वीस अंश कमी ठेवा. परदेशी रेसिपीत ३५० लिहिलेलं असतं, ते फॅरनहाइट, म्हणजे आपले साधारण १७५. आणि दार सारखं उघडून बघू नका, दर वेळी आतली बरीचशी गरम हवा बाहेर जाते.

नानकटाईसाठी आमचं आता बसलेलं गणित असं: तूप थिजलेलं, पातळ केलेलं नाही, नाहीतर ती पसरते. थापून झाल्यावर ट्रे पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. मधल्या कप्प्यात, खरे १६० अंश, अठरा ते वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर ती मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. कच्ची आहे समजून परत आत टाकली की गेली. हे शेवटचं मला आईने शिकवलं. भट्टीसमोर तीस वर्षं बसून तिला ते ठाऊक होतं, तिने आकडा मात्र कधी बघितला नव्हता.

मग भट्टी सुटली का? आईचं दिवाळीचं माप दोन किलो मैद्याचं. त्यात साधारण दीडशे नानकटाया होतात. आमच्या ट्रेवर एका वेळी बारा. म्हणजे तेरा घाणे, सव्वाचार तास, आणि कुणीतरी सतत समोर उभं. भट्टीत तेच काम एका खेपेत होतं. हा हिशेब मी पहिल्या वर्षी केला नव्हता, केला असता तर आईशी वाद घातला नसता.

म्हणून आता आमची वाटणी झाली आहे. दिवाळीची नानकटाई भट्टीतच होते. डबे मी उचलतो, रांगेत मी उभा राहतो, आई फक्त पीठ मळताना बघायला येते आणि बाकड्यावर बसते. रविवारचा केक, मुलांची बिस्किटं, थंडीतला पाव ओव्हनमध्ये. मावशीलाही हेच सांगितलं: साठ लिटरचा घेऊ नकोस, तीसचा घे, वाचलेल्या पैशांत १६ अँपिअरचा सॉकेट आणि थर्मामीटर बसव. दिवाळीला मोठं माप असेल तर डबे घेऊन बेळगावला ये. रांगेत दोघं असलो की वेळ बरा जातो.