ईव्ही चार्जर घेताय? आधी मीटर रूममधला बसबार बघा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच वाद: ईव्ही चार्जर कोणता घ्यायचा? माझा प्रश्न वेगळा आहे. आपला बसबार हा लोड झेलेल का?

बसबार म्हणजे पॅनेलमधली धातूची, बहुतेकदा तांब्याची जाड पट्टी. मेन केबलमधून आलेली वीज इथूनच पुढे वाटली जाते. 7.4 किलोवॅटचा चार्जर सुमारे 32 अँपिअर खेचतो. रात्री 15 गाड्या एकदम लागल्या, तर तिन्ही फेजवर प्रत्येकी 160 अँपिअर जादा, तेही तासन्‌तास.

तांब्याच्या पट्ट्यांचे मुख्य प्रकार:

• उघडी: बंद पॅनेलमध्ये.
• कथील चढवलेली: मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत.
• स्लीव्हवाली: जागा कमी असेल तिथे.
• लवचिक: ट्रान्सफॉर्मरसारख्या थरथरणाऱ्या यंत्राला जोडायला.

मे 2024 मध्ये तांब्याने लंडनच्या बाजारात टनाला 11,000 डॉलर ओलांडले. साहजिकच स्वस्त ॲल्युमिनियमचा मोह होतो. ते वाईट नाही, पण त्याची वाहकता तांब्याच्या साधारण 61 टक्केच. म्हणून पट्टी जास्त जाड लागते. त्याच मापाची बसवली, तर जास्त तापणारच. नटबोल्ट सैल असेल तर तांब्याचा जोडसुद्धा जळतो.

म्हणून कोटेशनमध्ये बसबारचा धातू, माप आणि अँपिअर लिहूनच मागा.