विश्लेषण : फुलातले आणि तंबाखूतले विष कपाशीवर कसे आले?

महागाव तालुक्यात कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले की शेतकरी कृषी केंद्रात जाऊन ‘औषध’ मागतो. हाती पडणाऱ्या डब्यावर अनेकदा सायपरमेथ्रिन किंवा इमिडाक्लोप्रिड हे नाव असते. दोन्हींचे नाते वनस्पतींशी आहे. मग ‘झाडापासूनचे म्हणजे सौम्य’ हा समज कितपत खरा?

शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रमच्या फुलांत पायरेथ्रिन असते. कीटकाच्या मज्जातंतूंतील सोडियमची दारे ते उघडी ठेवते आणि कीटक तडफडून मरतो. मात्र उन्हात ते लवकर निकामी होते, त्यामुळे शेतात उपयोग कमी. इंग्लंडमधील रोथमस्टेड संस्थेत मायकेल इलियट यांच्या गटाने रेणूतील उन्हाला नाजूक भाग बदलले आणि १९७३ मध्ये परमेथ्रिन जगापुढे आले. त्यातील एका हायड्रोजनच्या जागी कार्बन-नायट्रोजनची जोडी बसवली की सायपरमेथ्रिन होते. बदल एवढाच! पण ती दारे आणखी जास्त वेळ उघडी राहतात, विषबाधेची लक्षणेही बदलतात.

तंबाखूतील निकोटीन माणूस आणि कीटक असा भेद फारसा करत नाही. त्याच्यासारखेच काम करणाऱ्या इमिडाक्लोप्रिडमध्ये एका टोकाला नायट्रो गट आहे. त्यामुळे हा रेणू कीटकाच्या मज्जासंस्थेत घट्ट बसतो, माणसाच्या सैल. तो गट गळून पडला, की उरलेला रेणू सस्तन प्राण्यांनाही घट्ट चिकटू लागतो.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या खरिपात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. नंतर राज्य सरकारने ज्या कीटकनाशकांची विक्री काही काळ थांबवली, त्यात प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रणही होते. सायपरमेथ्रिनला शरीरात मोडून टाकणारी विकरेच प्रोफेनोफॉस बंद पाडते. अळीवर ही जोडी जोरात चालते ती याचमुळे, आणि फवारणाऱ्याला जास्त बाधते तीही याचमुळे. पंपात दोन-तीन औषधे एकत्र ओतणाऱ्याला हा हिशेब सहसा कुणी सांगत नाही.

दवाखान्यात तर नावालाच महत्त्व. प्रोफेनोफॉसवर अॅट्रोपिन देतात. सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिडवर खास उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. लाळ गळणे, थरथर यांवरून कोणते विष ते चटकन ओळखू येतेच असे नाही. त्यामुळे रुग्णाबरोबर डबा, निदान लेबलचा फोटो न्यावा. मिश्रण फवारले असेल तर सगळ्या डब्यांचा.